शंभर पिल्लांसाठी विकला जाणारा पेटी-ब्रूडर

परसातले किंवा शेताच्या जोडीचे कुक्कुटपालन करणाऱ्यांसाठी विजेवर चालणारे, पेटीच्या आकाराचे ब्रूडर, म्हणजे कोंबडीविना पिल्लांना ऊब देणारी साधने, आता सहज मिळू लागले आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील एका छोट्या कारखान्यातून सुमारे साडेसात हजार रुपयांना मागवलेली अशी एक पेटी आमच्याकडे, संगमेश्वर तालुक्यातील वाडीत, पावसाळ्यात आणि थंडीत अशा दोन्ही हंगामांत वापरून झाली आहे. गावठी कोंबड्या आमच्याकडे खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसतच असतात, त्यामुळे पेटीतली आणि कोंबडीच्या पंखांखालची पिल्ले शेजारी शेजारी वाढताना पाहता आली. पेटीची पारख करायला याहून चांगला मापदंड शोधून सापडणार नाही.

पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. बाहेरून रंगवलेला पत्रा, आतून प्लायवूड आणि दोहोंच्या मध्ये थर्मोकोल अशी तिची भिंत आहे. तळाला अर्ध्या इंचाची जाळी, जाळीखाली ओढून काढता येणारा विष्ठेचा ट्रे, छताला साठ वॅटचे चार बल्ब आणि दर्शनी बाजूस आकडे दाखवणारा थर्मोस्टॅट, एवढा सरंजाम त्या किमतीत मिळतो. पत्र्याच्या कडा व्यवस्थित दुमडलेल्या आहेत, दाराला बोका किंवा घूस उचकटू शकणार नाही अशी कडी आहे आणि वायरिंग पिल्लांच्या चोचीपासून दूर, वरून नेलेले आहे. कामात कुचराई दिसत नाही, हे आधीच नमूद केले पाहिजे.

ऊब देण्याचे मुख्य काम ही पेटी उत्तम करते. पिल्लाला अंगावर पिसे येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार आठवडे, स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट ठेवून पुढे दर आठवड्याला ५ अंश उतरवत जाण्याची पद्धत आहे. दर पिल्लामागे एक ते दोन वॅट या रूढ हिशेबाने २४० वॅट शंभर पिल्लांना पुरून उरतात, आणि भिंतीतल्या थर्मोकोलमुळे थर्मोस्टॅट बल्ब मधूनमधून बंदही ठेवतो. बल्ब अखंड जळत राहिले असते तर दिवसाला पावणेसहा युनिट वीज लागली असती. प्रत्यक्षात थंडीच्या रात्रींखेरीज एवढी लागत नाही. आमच्याकडे मुसळधार पावसात वीज जाते तेव्हा वर घोंगडी टाकली की ऊब बराच वेळ टिकते, आणि उघड्यावर टांगलेल्या बल्बच्या तुलनेत हा फायदा फार मोठा आहे.

अडचण आहे ती पेटीच्या मापाची आणि त्या मापावर केलेल्या दाव्याची. तळ आठ चौरस फुटांचा आहे. अंड्यातून निघालेली शंभर पिल्ले त्यात मावतात, कारण हॅचरीहून, म्हणजे अंडी उबवून पिल्ले विकणाऱ्या केंद्रातून, येताना ती याहून पुष्कळ लहान खोक्यातच आलेली असतात; पण तिसरा आठवडा संपेतो दर पिल्लाला निदान अर्धा चौरस फूट जागा लागते आणि त्या हिशेबाने पेटीत सोळाच पिल्ले नीट राहू शकतात. मधल्या काळात चाळीस-पन्नास पिल्ले दहा दिवस ठेवणे शक्य आहे. म्हणजे ‘१०० पिल्लांचा ब्रूडर’ हे वर्णन पहिल्या चार-पाच दिवसांपुरतेच खरे आहे, आणि हे विक्रेत्याने आपण होऊन सांगायला हवे.

जागेचा प्रश्न केवळ दाटीचा नाही. पिल्लांना उबेइतकीच उबेपासून दूर जाण्याची सोय लागते. कोंबडीच्या अंगाची ऊब १०५ अंशांच्या वर असते, तरी तिच्याखाली पिल्लू भाजून निघत नाही, कारण ते घटकाभर आत शिरते, अंग तापले की बाहेर येऊन मक्याचा भरडा टिपते आणि गारठले की पुन्हा आत जाते. आपल्याला किती ऊब हवी हे तेच ठरवते. या पेटीत मात्र चारही बल्ब छतावर समान अंतरावर असल्यामुळे सगळीकडे सारखाच उष्मा होतो, आणि दुपारी बाहेरची हवा तापली की पिल्ले पंख पसरून, चोची उघड्या टाकून भिंतींना चिकटून बसतात. एका टोकाचे दोन बल्ब काढून ठेवल्याबरोबर हे चित्र पालटले: गरम बाजूला झोपणारी, गार बाजूला दाणे-पाणी करणारी आणि मधल्या पट्ट्यात निवांत पहुडलेली अशी पिल्ले सर्वत्र विखुरली. पिल्लांची अशी पांगापांग हीच तापमान योग्य असल्याची खूण आहे, मग थर्मोस्टॅटवर कोणताही आकडा दिसो.

थर्मोस्टॅटचा आकडा तसाही फारसा उपयोगाचा नाही, कारण त्याचा सेन्सर छताजवळ डकवलेला आहे. तिथली हवा आणि पिल्लांच्या पाठीजवळची हवा यांत चांगलाच फरक पडतो. तळापासून दोन इंचांवर साधा थर्मामीटर टांगून पाहावे, म्हणजे तो कळतो. कारखान्याला फोन केल्यावर त्यांनी लांब वायरचा सेन्सर विनामूल्य पाठवून दिला. विक्रीनंतरची ही तत्परता वाखाणण्याजोगी आहे, पण मुळात तो खालीच बसवता आला असता. दुसरा दोष कोपऱ्यांचा. घाबरलेली किंवा गारठलेली पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात, म्हणून जमिनीवर तुसाची गादी करून पिल्ले वाढवणारे लोक पत्र्याचे गोल कुंपण, म्हणजे चिकगार्ड, लावतात. चौकोनी पेटीत पुठ्ठ्याच्या वाकवलेल्या पट्ट्या लावून चारही कोपरे बुजवणे आवश्यक ठरते.

जाळीच्या तळाविषयी मात्र तक्रार नाही. भाताच्या तुसाची गादी आमच्या दमट हवेत ओली व्हायला वेळ लागत नाही आणि ओल्या गादीवर रक्ती हगवण ठरलेलीच; इथे विष्ठा खाली पडून जाते आणि ट्रे रोज धुता येतो. सुरुवातीचे दिवस जाळीवर गोणपाट अंथरावे. वर्तमानपत्र अंथरले तर गुळगुळीत कागदावर पाय फाकून पिल्ले कायमची अधू होऊ शकतात.

खुडूक कोंबडी यांपैकी काहीच मागत नाही. दहा-बारा पिल्ले ती पोटाखाली घेते, दाणा दिसला की कुक्-कुक् करून बोलावते, घारीची सावली दिसताच सर्वांना दडवते. हॅचरीची एक-दोन दिवसांची पिल्ले रात्री अंधारात हळूच तिच्याखाली सरकवली तर बहुधा तीही आपलीशी करते. मात्र तेवढे दोन-तीन महिने ती अंडी देत नाही, तिच्या अंगावरच्या उवा-पिसवा पिल्लांवर चढतात, आणि मुंगसापुढे तिचेही काही चालत नाही. लसीकरणाचीही गोष्ट आहेच. हॅचरीतून येणाऱ्या पिल्लांना मॅरेक्स या रोगाची लस पहिल्याच दिवशी टोचलेली असते, घरी उबवलेल्यांना ती सहसा मिळत नाही. आणि पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस डोळ्यात घालायची तर चिडलेल्या कोंबडीच्या तावडीतून एकेक पिल्लू काढण्यापेक्षा पेटीचे दार उघडून ती घालणे कितीतरी सोपे जाते. शिवाय ऐन हंगामात पाच कोंबड्या एकदम खुडूक बसतील अशी अपेक्षा धरून कोणी पिल्लांची नोंदणी करत नाही.

तेव्हा डझनभर पिल्लांसाठी ही पेटी घेण्याची गरज नाही. दारात खुडूक कोंबडी, एक डालगे आणि राख घातलेला खोपा असला की भागते. एकाच वेळी शंभर पिल्ले आणणाऱ्यांनी दीड फूट उंचीच्या पत्र्याचे पाच फूट व्यासाचे रिंगण करून मध्यापासून थोडा बाजूला २५० वॅटचा इन्फ्रारेड दिवा टांगावा. त्यात जवळजवळ वीस चौरस फूट जागा मिळते, पिल्ले वाढतील तसे रिंगण सैल करता येते आणि खर्चही पेटीच्या निम्म्याहून कमी येतो. दिव्याला दोरीबरोबर साखळीचाही आधार द्यावा, कारण कोरड्या तुसावर दिवा पडला तर आग लागायला क्षणही पुरतो. पेटी शोभते ती चाळीस-पन्नास पिल्लांच्या तुकड्या ठरावीक अंतराने काढणाऱ्यांना, आणि ज्यांच्याकडे उंदरा-बोक्यांपासून बंद अशी खोली नाही त्यांना. अशांना मी ती पाचापैकी साडेतीन गुण देऊन सुचवीन. मागणी नोंदवतानाच सेन्सर तळाजवळ बसवून मागावा, सगळे बल्ब एकाच अर्ध्या भागात घ्यायला सांगावे, आणि दाराच्या आतल्या बाजूचा उघडा थर्मोकोल पत्र्याने झाकून घ्यावा. पिल्ले तो आवडीने टोचून खातात. फिलामेंटचे साठ वॅटचे बल्ब तालुक्याच्या दुकानांत मिळेनासे झाले आहेत आणि एलईडीपासून पिल्लांना पुरेल अशी ऊब मिळत नाही, म्हणून अर्धा डझन जादा बल्ब त्याच पार्सलमध्ये मागवून ठेवावेत.