सामायिक सॉफ्टवेअरसाठी फाइल सर्व्हर: साधा पीसी, विंडोज सर्व्हर, नॅस की सांबा?

वागळे इस्टेट किंवा महापे-रबाळे पट्ट्यातल्या दहा-वीस माणसांच्या ऑफिसात फाइल सर्व्हरचा, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक फायली ठेवणाऱ्या मशीनचा, विषय निघाला की कोटेशनमध्ये ठरावीक गोष्टी ठळक असतात: किती टेराबाइट, किती रॅम, वॉरंटी किती वर्षांची, जीएसटी धरून किती. सर्व्हर बसल्यावर पहिल्या महिन्यात जे फोन येतात ते यांपैकी एकाही गोष्टीवरून नसतात. 'सेव्ह होत नाहीये', 'रीड ओन्ली उघडतंय', 'ॲक्सेस डिनाइड म्हणतंय', आणि सगळ्यांत चक्रावणारा म्हणजे 'मॅडमच्या मशीनवर चालतं, माझ्याकडे नाही'. म्हणून इथे चार पर्याय मी एकाच प्रश्नावर तोलले आहेत: परमिशनपाशी घोडं अडलं, तर कारण किती लवकर सापडतं? वेग आणि जागा एवढ्या ऑफिसाला चारही पर्यायांत पुरते.

आधी सॉफ्टवेअर काय मागतं ते बघा

मालकांची एक मागणी ठरलेली असते: 'सगळ्यांना भरू दे, पण डिलीट कुणाला करता येऊ नये.' ऐकायला रास्त वाटते. एक्सेलच्या बाबतीत मात्र ती पुरी करता येत नाही, कारण एक्सेल सेव्ह करताना जुन्या फाइलवर थेट लिहीत नाही. फाइल उघडताच त्याच फोल्डरात ~$ ने सुरू होणारी एक लपलेली फाइल बनते; ती फाइल कोणी उघडली आहे हे दुसऱ्याला त्यावरून कळतं. सेव्ह दाबलं की आठ अक्षरांच्या नावाची, एक्स्टेन्शन नसलेली तात्पुरती फाइल तयार होते, सगळा मजकूर तिच्यात जातो, मग जुनी फाइल उडते आणि नवीला जुनीचं नाव मिळतं. डिलीटचा हक्क काढला की फाइल उघडते, तासभर काम होतं, आणि सेव्हच्या वेळी एरर येतो. फोल्डरात अशा बिनएक्स्टेन्शनच्या फायलींचा ढीग दिसला तर दुसरीकडे शोधायला जाऊ नका, डिलीटचा हक्क तपासा. तिथे मॉडिफाय, म्हणजे लिहिण्यासोबत डिलीटचाही हक्क, द्यावाच लागतो. 'कुणी चुकून उडवलं तर' ही भीती स्नॅपशॉट किंवा शॅडो कॉपीने, म्हणजे फोल्डराच्या मागच्या वेळच्या जपून ठेवलेल्या प्रतींनी घालवायची, हक्क कापून नाही.

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचंही तसंच. डेटाबेस उघडला की शेजारी .एलएसीसीडीबी एक्स्टेन्शनची लॉक फाइल बनते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. म्हणजे नुसत्या डेटाबेस फाइलवर राइट देऊन भागत नाही, फोल्डरात फाइल बनवण्याचा आणि उडवण्याचा हक्क लागतो. टॅलीचा डेटा फोल्डर सामायिक ठेवला असेल तर तिथेही वाचणं-लिहिणं दोन्ही लागतं. थोडक्यात, 'ही फाइल कोणी बघावी' हा कागदपत्रांच्या फोल्डराचा प्रश्न आहे; सॉफ्टवेअरच्या फोल्डराचा प्रश्न 'हे सॉफ्टवेअर पडद्यामागे काय काय करतं' हा आहे.

ते कळण्याचं सगळ्यांत भरवशाचं साधन फुकट आहे आणि सर्व्हर कुठलाही असला तरी चालतं: मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला प्रोसेस मॉनिटर. तो सर्व्हरवर नाही, ज्याची तक्रार आहे त्याच्या मशीनवर चालवायचा. फिल्टरमध्ये रिझल्ट 'ॲक्सेस डिनाइड' निवडा, तक्रारदाराला तीच कृती पुन्हा करायला सांगा. ओळ सापडली की उजवीकडच्या डिटेल रकान्यात 'डिझायर्ड ॲक्सेस' वाचा. तिथे डिलीट दिसलं तर डिलीट हवंय, जेनेरिक राइट दिसलं तर लिहिण्याचा हक्क. सगळ्या ओळींना घाबरू नका. पुष्कळ सॉफ्टवेअरं आधी जास्त हक्क मागून बघतात, नकार मिळाला की कमी मागतात आणि सुखाने चालतात. एररची खिडकी यायच्या लगेच आधीची ओळ महत्त्वाची. आणि रिझल्टमध्ये 'शेअरिंग व्हायोलेशन' असेल तर परमिशनला हात लावू नका. तिथे हक्क आहेत, फक्त दुसऱ्या कोणी फाइल धरून ठेवली आहे. या दोन आजारांची गल्लत करून किती ठिकाणी एव्हरीवनला फुल कंट्रोल, म्हणजे सरसकट सगळ्यांना सगळे हक्क, दिले गेलेत, विचारू नका.

साधा पीसी

वाशीच्या एपीएमसीतल्या गाळ्यांपासून नौपाड्यातल्या छोट्या सीए ऑफिसांपर्यंत सर्रास दिसणारी मांडणी. अकाउंटंटच्या मशीनवरचा एक फोल्डर शेअर केला, बाकीच्यांना ड्राइव्ह मॅप करून दिला, झालं. खर्च शून्य.

'मॅडमच्या मशीनवर चालतं' या कोड्याचं उत्तर इथेच आहे. विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डराला दोन कुलपं असतात: एक शेअरिंग टॅबमधलं, दुसरं सिक्युरिटी टॅबमधलं, म्हणजे एनटीएफएसचं. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही लागू, आणि दोघांत जे कडक तेच खरं. त्याच मशीनवर बसलेल्याला फक्त एनटीएफएस लागू. शेअरिंगला रीड आणि एनटीएफएसला मॉडिफाय असेल तर मॅडम खुशाल एंट्र्या करतात आणि बाकी ऑफिस रीड ओन्ली बघत बसतं. उपाय जुना आणि पक्का: शेअरिंगचं कुलूप मोकळं ठेवायचं, सगळा कडकपणा एनटीएफएसवर. हिशेब एकाच जागी राहतो.

खरी पंचाईत युजरची. डोमेन, म्हणजे सगळ्यांची नावं-पासवर्ड एकाच जागी सांभाळणारी व्यवस्था, नसल्यामुळे प्रत्येक माणसाचं नाव-पासवर्ड या पीसीवर वेगळं बनवायचं. या पीसीवरचा कोणाचा पासवर्ड बदलला की त्याच्या मशीनच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या पासवर्डांच्या साठ्यात, जुना पासवर्ड तसाच पडून राहतो आणि दार बंद. घाईत दुसऱ्याच्या नावाने घुसायला गेलात तर १२१९ नंबरचा एरर, कारण एका लॉगिनमधून एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही. आधीची जोडणी तोडावी लागते. या कटकटीला कंटाळून लोक गेस्ट चालू करत. तो रस्ताही आता बंद होत चाललाय: विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्येही पासवर्डविना गेस्ट म्हणून शेअर उघडणं मुळातच बंद असतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मशीन बदलणाऱ्या ऑफिसांना हा धक्का हमखास बसतो. 'नवीन कॉम्प्युटर घेतले आणि सर्व्हरच दिसेना' यामागे अनेकदा एवढंच असतं.

वर विंडोज प्रोच्या लायसन्सप्रमाणे एका वेळी २० च डिव्हाइस जोडू शकतात. चार-पाच मशीन असतील तर हा पर्याय धकतो. त्यापुढे नको.

विंडोज सर्व्हर आणि डोमेन

कारण शोधण्याच्या कसोटीवर हा सगळ्यांच्या पुढे, आणि खर्चाच्याही. मशीनच्या किमतीवर सर्व्हरचं लायसन्स, त्यावर माणशी किंवा डिव्हाइसमागे कॅल, म्हणजे सर्व्हरला जोडण्याचा वेगळा परवाना. कोटेशनमध्ये कॅलची ओळ नसेल तर विचारा, नंतर निघते. छोट्यांसाठी ब्रँडेड सर्व्हरसोबत मिळणारी इसेन्शियल्स आवृत्ती आहे: २५ युजर आणि ५० डिव्हाइसपर्यंत, वेगळी कॅल नाही. मला वाटतं वीसेक माणसांच्या ऑफिसाने आधी तिचाच भाव काढावा.

बदल्यात काय मिळतं? कुठल्याही फोल्डराच्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीत इफेक्टिव्ह ॲक्सेस टॅब असतो. माणसाचं नाव टाका. त्याला काय करता येतं, काय नाही आणि कशामुळे अडलंय, तिघांची यादी समोर येते. ऑडिटिंग चालू केलं तर इव्हेंट लॉगमध्ये ५१४५ नंबरच्या नोंदीत कोण, कुठून, कुठल्या फाइलसाठी आलं हे मिळतं. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये आत्ता कोणती फाइल कोणी उघडी ठेवली आहे तेही दिसतं, आणि घरी गेलेल्या माणसाच्या नावावर अडकलेली फाइल तिथून बंद करता येते.

दोन खोड्या माहीत असू द्या. एखाद्याला नव्या ग्रुपमध्ये घातलं की तो लगेच 'अजून होत नाही' म्हणतो. बरोबरच आहे, ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी घेतली जाते. लॉग ऑफ करून परत लॉगिन करायला लावा, उगाच आणखी हक्क वाटू नका. दुसरी खोडी कट-पेस्टची. त्याच ड्राइव्हमध्ये फोल्डर हलवला तर तो आपले जुने हक्क सोबत घेऊन जातो, कॉपी केला तर नव्या जागेचे घेतो. अकाउंट्सच्या फोल्डरातून सगळ्यांच्या फोल्डरात कट करून टाकलेली फाइल इतरांना उघडत नाही ती यामुळे.

डिनायचा, म्हणजे हक्क स्पष्टपणे नाकारण्याचा, टिक मात्र जपून. डिनाय सहसा अलाऊला हरवतो, पण वरून वारशाने आलेला डिनाय हा फाइलवर थेट दिलेल्या अलाऊपुढे हरतो. हा गुंता तीन वर्षांनी दुसऱ्या कोणाला सोडवावा लागतो. ग्रुप नीट पाडले तर डिनायची गरज फारशी पडतच नाही.

नॅस

सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे डबे, म्हणजे नेटवर्कला थेट जोडायची तयार स्टोरेज मशीनं. वीज कमी खातात, कॅल नाही, ब्राउझरमधून युजर आणि ग्रुप बनतात, आणि बऱ्याच मॉडेलांत स्नॅपशॉट मिळतो, जो वरच्या डिलीटच्या भीतीवरचा खरा उतारा आहे. सिस्टीम बघायला पूर्णवेळ माणूस नसलेल्या ऑफिसाला मी बहुतेक वेळा हाच सुचवतो.

परमिशनचा नियम इथे वेगळा चालतो, हे आधी सांगितलेलं बरं. सिनॉलॉजीत एका माणसाला दोन ग्रुपांतून वेगवेगळे हक्क येत असतील तर 'नो ॲक्सेस' सगळ्यांवर भारी, त्याखाली रीड-राइट, सगळ्यांत शेवटी रीड ओन्ली. म्हणजे रीड ओन्ली ग्रुपमध्ये घालून कोणाचं लिहिणं बंद होईल ही अपेक्षा चुकीची. दुसऱ्या ग्रुपमधून रीड-राइट असेल तर तो लिहीतच राहणार. परमिशन इन्स्पेक्टरमध्ये माणसाचे एकूण हक्क बघता येतात, तो वापरा. पण डबा एवढंच सांगतो की हक्क काय आहेत. सॉफ्टवेअरने काय मागितलं ते प्रोसेस मॉनिटरलाच विचारावं लागतं. तोच फोल्डर विंडोज शेअरिंगबरोबर एनएफएस किंवा एफटीपी अशा दुसऱ्या पद्धतींनीही उघडा ठेवला तर गुंता वाढतो. सॉफ्टवेअरच्या फोल्डरासाठी एकच दार ठेवा.

सांबा

लिनक्सवर सांबा, म्हणजे लिनक्स मशीनवरचे फोल्डर विंडोजवाल्यांना शेअर करून देणारं सॉफ्टवेअर. लायसन्स शून्य, जुनं मशीनही चालतं. पण तुमच्या ऑफिसात टर्मिनलला न घाबरणारा माणूस कायमचा असेल तरच. ऐरोलीहून आठवड्यातून एकदा येणाऱ्या फ्रीलान्सरच्या भरवशावर सांबा लावू नये.

नेहमीचं दुखणं ठरलेलं: एकीने फाइल बनवली, दुसरीला ती रीड ओन्ली. सांबाचा मूळचा क्रिएट मास्क ०७४४ असतो, म्हणजे बनवणाऱ्याला लिहिण्याचा हक्क आणि ग्रुपला फक्त वाचण्याचा. शेअरच्या सेटिंगमध्ये फोर्स ग्रुप लावा, क्रिएट मास्क ०६६० (बनवणारा आणि ग्रुप दोघांनाही वाचणं-लिहिणं), डिरेक्टरी मास्क २७७०, आणि मूळ फोल्डरालाही २७७० द्या. सुरुवातीचा २ महत्त्वाचा, त्यामुळे आत बनणारी प्रत्येक गोष्ट त्याच ग्रुपची राहते. टेस्टपार्म चालवून सेटिंग तपासा. हे सगळं बरोबर असूनही नकार येत असेल आणि मशीन रेड हॅट घराण्यातलं असेल, तर एसई-लिनक्सचं, म्हणजे लिनक्सच्या जादा सुरक्षा-पहाऱ्याचं, लेबल बघा.

एका बाबतीत सांबा हाताशी असलेला बरा. ॲक्सेस, फॉक्सप्रोसारख्या फाइलवर चालणाऱ्या डेटाबेसांना क्लायंटवरचं कॅशिंग, म्हणजे ऑपलॉक, कधी कधी मानवत नाही, इंडेक्स बिघडतात. सांबात ठरावीक एक्स्टेन्शनपुरतं ते बंद करता येतं. ही भानगड परमिशनची नव्हे, पण तक्रार तीच येते: 'फाइल उघडत नाही'.

फाइलच हातात न देणं

फाइल सर्व्हरच्या विक्रेत्याला हा पाचवा रस्ता सुचवण्यात फायदा नसतो, पण सॉफ्टवेअर एकच आणि तेच महत्त्वाचं असेल तर सगळ्यांत आधी याचा विचार करा. टॅलीप्राइम सर्व्हर घेतला तर डेटा फोल्डरचे हक्क प्रत्येक युजरला द्यावे लागत नाहीत, मधला सर्व्हरच डेटा हाताळतो. ॲक्सेसमधला डेटा एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत हलवला की लॉक फाइल आणि फोल्डरचे हक्क हा विषयच संपतो. फॉर्म जुनेच राहतात. तिसरा मार्ग रिमोट डेस्कटॉपचा, त्याला वेगळ्या कॅल लागतात, पण सगळे सर्व्हरवरच बसल्यासारखे असल्याने शेअरिंगचं कुलूप आड येत नाही.

मग कोणी काय घ्यावं? मशीन पाचच्या आत आणि एकट्या टॅलीपुरतं काम असेल तर साधा पीसी ठेवा, गेस्ट नको, आणि वाचलेले पैसे बॅकअपवर घाला. एक्सेल आणि कागदपत्रं जास्त, सिस्टीमचा माणूस नाही, तर नॅस. पंधराच्या पुढे माणसं, विभाग तीन-चार, लोक सतत येतात-जातात, तर विंडोज सर्व्हर. तिथे पैसे ग्रुपांसाठी आणि त्या इफेक्टिव्ह ॲक्सेस टॅबसाठी जातात, आणि ते वसूल होतात. सांबा फक्त घरचा माणूस असेल तर.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून डेमोत एक गोष्ट करून घ्या. साधा युजर बनवायला सांगा, तुमच्याच ऑफिसातली एक्सेल फाइल त्याच्या नावाने उघडून सेव्ह करायला लावा. मग गुपचूप डिलीटचा हक्क काढा आणि सेव्ह का होत नाही ते त्यालाच शोधू द्या. ॲडमिनच्या लॉगिनने डेमो चालू केला तर थांबवा, तिथे सगळंच चालतं.