मॉइश्चर मीटर आणि माझी सहा सक्युलंट: दहा महिने वापरून झाल्यावर

मातीतला ओलावा दाखवणारा हा मीटर फेब्रुवारीत ३४९ रुपयांना मागवला. हिरवी डबी, त्यावर काटा, खाली धातूच्या दोन दांड्या. सेल लागत नाही. मातीत खुपसायचा, काटा एक ते दहामध्ये कुठेतरी थांबतो. लाल म्हणजे कोरडं, निळं म्हणजे ओलं. बटण सरकवलं की उजेड आणि पीएच, म्हणजे मातीचा आंबटपणाही दाखवतो म्हणे. पीएचचा काटा तुळशीत घाला, कोरफडीत घाला, नाहीतर कोरड्या वाळूत घाला, सातवरच बसतो. त्याच्याबद्दल एवढंच.

घेतला तो सासूबाईंमुळे. रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की तांब्यात उरलेलं त्या गॅलरीतल्या कुंड्यांना ओळीने घालत जातात. हावर्थिया, दोन एचेवेरिया, जेड, स्नेक प्लांट, कोरफड, ही सगळी सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं; कुणालाच सुटका नाही. मी काही बोलले की, "एवढ्याशा घोटानं काय होतंय गं? बघ की, सुकायलंय बिचारं." माझं सांगून उपयोग नव्हता. काटा दाखवला तर ऐकतील असं वाटलं, आणि खरंच ऐकलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच मला विचारायला लागल्या, "निळ्यात हाय, आज नको ना?"

उन्हाळाभर मीटरबद्दल तक्रार नव्हती. आम्ही जुळे सोलापुरात राहतो, गॅलरी पश्चिमेला. मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकला तेव्हा चार इंची मातीच्या कुंड्या चार दिवसांत खडखडीत व्हायच्या. तरीही मी पाणी वाढवलं नाही. सक्युलंटची पानं रात्री छिद्रं उघडून हवा घेतात आणि दिवसा मिटून पाणी राखतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्रही तापलेली, त्यामुळे एचेवेरिया आणि हावर्थिया जवळजवळ झोपूनच असतात. माती कोरडी पडते ती उन्हाने, झाडाने पाणी प्यायलं म्हणून नाही. हिरवी नेट बांधली, आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी पाणी दिलं, सगळी वाचली.

मार खाल्ला तो सप्टेंबरात. सोलापूरचा खरा पाऊस तेव्हाचा. सलग आभाळ, गॅलरीत धुतलेले कपडे दोन दिवस वाळत नव्हते. मीटर मात्र एचेवेरियाच्या कुंडीत 'दोन' दाखवत होता, लाल. मी पाणी दिलं. पाचव्या दिवशी परत लाल, परत दिलं. मग एका सकाळी खालचं पान बोटाने सहज हललं आणि हातातच आलं. पिवळट, काचेसारखं आरपार, देठाशी तपकिरी चिकट. कुंडी उपडी केली तर आतली माती ओलीगच्च. एक एचेवेरिया गेली. दुसरीचा शेंडा निरोगी भागावर कापला, कापलेली बाजू पाच दिवस सावलीत वाळू दिली आणि कोरड्या मिश्रणावर नुसती ठेवली. तीन आठवड्यांत मुळं फुटली.

मग मीटर खोटं का बोलला याच्या मागे लागले. दोन ग्लास घेतले, एकात आरओचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. दांड्या बुडवल्या. बोअरच्या ग्लासात काटा थेट दहावर, आरओच्या ग्लासात चारवर. दोन्हीकडे नुसतं पाणीच! म्हणजे हा ओलावा मोजतच नाही. दोन वेगवेगळ्या धातूंमध्ये जी बारीकशी वीज तयार होते ती मोजतो. पाण्यात क्षार जास्त तर काटा वर. दांडीला माती नीट चिकटली नाही तर खाली. आणि माझं मिश्रण कसलं, तर एक भाग पोयटा, दोन भाग विटांचा चुरा आणि बांधकामावरची कच, चाळून-धुऊन घेतलेली, वर मूठभर गांडूळखत. सगळी पोकळीच. सक्युलंटला तेच हवं असतं आणि मीटरला नेमकं तेच चालत नाही.

आता काय करते? देवापुढची उदबत्ती विझली की काडी ठेवून देते. पावडर खरवडून काडी तळापर्यंत खुपसायची, दहा मिनिटांनी काढायची. गडद झाली किंवा मातीचे कण चिकटून आले तर पाणी नाही. फुकटची, आणि काडीला क्षाराचं काही घेणं नाही. शिवाय महिनाभर स्वयंपाकघरातल्या काट्यावर हावर्थियाची कुंडी तोलली: भरपूर पाणी दिल्यावर ७४० ग्रॅम, पूर्ण कोरडी ६३० ग्रॅम. चार-पाचदा तोलल्यावर हातालाच कळायला लागलं. सध्या डिसेंबरात तिला वाळायला बारा दिवस लागतात. मेमध्ये चार लागायचे. प्लॅस्टिकच्या कुंडीला याहून जास्त धरा. 'दर रविवारी पाणी' असली वेळापत्रकं आपल्या गावात चालायची नाहीत.

द्यायचं तेव्हा मात्र हात आखडायचा नाही. खालच्या भोकातून धार लागेपर्यंत द्यायचं आणि बशीतलं लगेच ओतून टाकायचं. चमचाभर पाण्याने वरचा थर ओला होतो, मुळं वरच घुटमळतात. सासूबाईंचा घोट बाधायचा तो यामुळेच: वरची माती कधी वाळत नाही, खाली थेंब पोचत नाही. एचेवेरियाच्या गाभ्यात पाणी साचलं तर फुंकर मारून उडवते.

आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायचा मोह मलाही झाला. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात बादलीभर पाणी ओतून देववत नाही. पण सगळे क्षार त्याच पाण्यात उतरलेले असतात. दीड महिन्यात कुंडीच्या कडेला पांढरा थर चढला. ते पाणी आता फरशी पुसायला.

नर्सरीतून आणलेलं झाड काळ्या मातीच्या गोळ्यासकट असतं, तो गोळा सोडवून टाका. काळी माती वाळली की आक्रसते, कुंडीपासून सुटते, आणि पाणी कडेने सरळ खाली निघून जातं. आपण समजतो, झाड प्यालं.

मग मीटर टाकून दिला का? नाही. तुळस आणि मनी प्लांटच्या साध्या मातीत तो बरा चालतो. दांड्या मातीत ठेवून देऊ नका, गंजतात. माझ्या एका दांडीवर डाग पडलाय, आता दर वेळी पुसून ठेवते. पाचापैकी अडीच तारे देईन, त्यातला अर्धा सासूबाईंचा तांब्या थांबवल्याबद्दल.

जेडचं मात्र कोडं पडलंय. परवापासून पानांवर सुरकुत्या आहेत, दाबली तर मऊ लागतात, पण आरपार दिसत नाहीत. बघणारा म्हणेल, तहानलंय. काडी मात्र ओली निघाली. मुळं कुजली तरी पानं अशीच सुरकुततात, कारण पाणी वर चढवणारं कुणी उरत नाही. उद्या रविवार आहे, कुंडी उपडी करून बघते. तोपर्यंत थेंबही नाही, सासूबाईंनाही बजावून ठेवलंय.