पद्मिनीचं छत: कमानीवरचं रेक्झिन की फोमचं कापड?

ज्यांची जुनी फियाट किंवा पद्मिनी अजून रस्त्यावर आहे आणि छताचं लायनिंग बदलल्याशिवाय आता गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. या गाड्या बनवणारा कुर्ल्याचा कारखाना केव्हाच बंद झाला, त्यामुळे तयार लायनिंगची वाट बघण्यात अर्थ नाही. नागपुरात कुशनवाल्याकडे गाडी नेली की तो दोन पर्याय पुढे ठेवतो. एक म्हणजे मूळ पद्धत, तारेच्या कमानींवर ताणलेलं रेक्झिन. दुसरा म्हणजे छताच्या आकाराचा बोर्ड कापून त्यावर फोमचं कापड सोल्यूशननं चिकटवायचं आणि तो वर बसवायचा. थेट पत्र्यावरच कापड चिकटवून देणारेही भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मी रेक्झिन घेतलं. पण गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात आधीच्या मालकानं करून घेतलेलं फोमचं छत होतं आणि त्याखाली मी बरेच उन्हाळे काढलेत, म्हणून दोन्हींबद्दल थोडंफार बोलू शकतो.

फोमच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. काचा काढाव्या लागत नाहीत, काम लवकर हातावेगळं होतं, मजुरी कमी पडते. वरून हात फिरवला तर मऊ लागतं. वर्धा रोडला गाडी जरा पळवली की आतला घूं घूं आवाजही फोमनं कमी होतो, असं मला तरी जाणवायचं. रंगही हवे ते मिळतात. नव्या गाड्यांची सवय असलेल्या घरच्या मंडळींना हेच छत आवडतं.

माझं मत फिरलं ते भुशामुळे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की गाडी उन्हात नुसती उभी केली तरी छतातून पिवळट भुसा गळायला लागायचा. मागच्या सीटवर आई बसायची. उतरली की तिच्या केसांत, पदरावर, चष्म्याच्या काडीवर ती कणी. झटकली तर जायची नाही, बोटानं चोळली की चिकट व्हायची. तेल लावलेल्या केसांतून ती काढणं म्हणजे शिक्षाच. पुढे कापडाला मधोमध फुगा आला आणि आरशात मागची काच अर्धीच दिसायला लागली. टाचण्या लावून पाहिल्या, पुन्हा सोल्यूशनही मारून घेतलं. पुढच्या मे महिन्यात परत तेच.

सोल्यूशन सुटलं असं आपण म्हणतो, पण कापड सोलून बघा. सोल्यूशन बोर्डाला घट्ट असतं, त्यावर फोमचा पातळ पापुद्राही तसाच असतो. कुजलेला असतो तो मधला फोम. उष्णता आणि दमटपणानं तो आतून विरतो, आणि विरलेल्या फोमवर कितीही भारी सोल्यूशन लावलं तरी ते धरणार कशाला? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणं नवं नाही, आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यानंतर लगेच पावसाळा. काचेच्या रबरातून थोडं पाणी झिरपलं तर फोम ते धरून ठेवतो आणि वरचा पत्रा आतून गंजतोय हे कळतही नाही. रेक्झिनवर गळती लगेच कडेला दिसते.

आता रेक्झिनची कटकट. पुढची-मागची काच काढावीच लागते, कारण कापडाची कड रबराखाली जाते. जुनं रबर कडक झालेलं असतं, ते परत बसेल या भरवशावर राहू नका. आधी नवं रबर हातात घ्या, मगच काच काढायला सांगा. प्रत्येक कमानीचा बाक थोडा वेगळा असतो. माझा कारागीर म्हणाला होता, "भाऊ, नंबर टाकल्याशिवाय एकबी कमान काढू देऊ नका कोणाले." नंबरासोबत डावी-उजवी बाजूही लिहून घ्या. जुनं लायनिंग फेकायचं नाही, ते उसवून त्याच्याच मापावर नवं कापायचं. पायजम्याला असतो तसा नेफा रेक्झिनच्या मागे शिवतात आणि त्यात कमान ओवतात. शिवणीला सुती दोरा नको, तो कुजतो. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा घ्या.

खरं कसब इथून पुढे. चांगला कारागीर मधल्या कमानीपासून सुरुवात करतो, मग पुढे-मागे ताणतो आणि बाजू शेवटी घेतो. दाराच्या वर तिरपी सुरकुती राहिली तर नुसतं ओढत बसत नाही. नेफ्याचं टोक बोटभर कापून मोकळं करतो आणि सुरकुती तिथेच विरते. हे मी जवळ उभं राहून पाहिलंय, आणि ज्याला हे माहीत नाही त्याच्याकडे काम देऊ नये असं मला वाटतं. काम शक्यतो एप्रिल-मे मध्येच करून घ्या. रेक्झिन उन्हात ठेवून नरम झालेलं असताना ताणलं की थंडीत आणखी घट्ट बसतं. डिसेंबरात ताणलेलं उन्हाळ्यात सैल पडण्याची भीती असते.

फोमचा एक फायदा रेक्झिनमध्ये मिळत नाही, तो म्हणजे आवाज आणि उष्णता अडवणं. त्यासाठी छत उघडं असतानाच पत्रा घासून गंज काढा, प्रायमर मारा आणि ब्युटाइलची, म्हणजे आवाज दाबणाऱ्या चिकट रबराची, शीट लावून घ्या. डांबराची स्वस्त शीट आपल्या उन्हात नरम पडते आणि वास मारते. कमानी आणि पत्रा यांच्यात हवेची पोकळी राहतेच. माझ्या गाडीत त्यानं दुपारी चांगला फरक पडलाय.

गाडी कायम बंद गॅरेजमध्ये राहत असेल आणि वर्षातून दोन-चारदाच निघत असेल, तर फोमचं छतही बरीच वर्षं टिकू शकतं, त्याला मी वाईट म्हणणार नाही. मात्र तसं करणार असाल तरी जुन्या कमानी भंगारात देऊ नका. नंबर टाकून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा, कारण तशा बाकाच्या कमानी पुन्हा सहजी मिळत नाहीत.