अल जझीरा इंग्लिश: एक दिवस, एक वही, तीन पेन्सिली

मी स्टेनो होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण हात काही निवृत्त होत नाही. समोर कुणी बोलायला लागलं की उजव्या हाताचं बोट मांडीवर आपोआप शॉर्टहँडच्या रेघा ओढायला लागतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय उशीवर ठेवून बसायची सक्ती झाली, तेव्हा भाचीने टीव्हीवर अल जझीरा इंग्लिशचं यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण लावून दिलं. ‘आत्या, आज हेच बघ, आणि रात्री सांग कसं आहे ते,’ म्हणाली. मी वही आणि पेन्सिली मागून घेतल्या.

स्टेनोला समोरच्याचं म्हणणं पटतं की नाही, याच्याशी घेणंदेणं नसतं. कोण बोललं, किती वेळ बोललं, त्याला मध्येच कोणी तोडलं, एवढंच बघायचं. खात्यातल्या चौकशांमध्ये साक्षी उतरवून घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे बाकी काही कळो न कळो, कुणाचं वाक्य पुरं झालं आणि कुणाचं नाही, हे मला झोपेतही कळतं. त्याच मापाने हा दिवस मोजला.

सुरुवात ‘न्यूजअवर’ने झाली. नावाप्रमाणे अख्खा तासभर बातम्या. ‘पुढच्या 60 मिनिटांत’ म्हणून ठळक बातम्या सांगतात आणि मग सुसाट सुटतात. परीक्षेत माझी गती मिनिटाला 120 शब्दांची होती; या मंडळींपुढे पहिल्या दहा मिनिटांतच मी पिछाडीवर पडले. पण बातमीदाराकडे कॅमेरा गेला की वेग उतरतो. बातमी संपवताना तो आपलं नाव सांगतो, मग ‘अल जझीरा’, मग गावाचं नाव. उच्चार निरनिराळे: एक नैरोबीच्या वळणाचा, एक ऑस्ट्रेलियन, एक चक्क आपल्याकडचा. पिटमनच्या, म्हणजे मी शिकलेल्या शॉर्टहँडच्या, लिपीत उच्चार लिहितात, स्पेलिंग नाही, त्यामुळे एकच शब्द माझ्या वहीत तीन वेगवेगळ्या आकारांत पडला. ऑफिसात हे झालं असतं तर बोलणी खाल्ली असती. इथे मजा वाटली. इंग्रजी ही कुणा एकाची मालमत्ता नाही, हे या चॅनेलवर कान देऊन ऐकलं की पटतं.

ही वाहिनी 15 नोव्हेंबर 2006 ला सुरू झाली. मूळची अरबी वाहिनी तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, 1 नोव्हेंबर 1996 ची. त्याच वर्षी बीबीसीची अरबी दूरचित्रवाणी बंद पडली आणि तिथली बरीचशी माणसं कतारच्या राजधानीत, दोहाला आली. सुरुवातीच्या काळात इंग्रजी वाहिनीची बातमीपत्रं क्वालालंपूर, दोहा, लंडन आणि वॉशिंग्टन अशा चार ठिकाणांहून निघत. सूर्य पश्चिमेकडे सरकेल तसं सूत्रसंचालनही सरकत जायचं. आता दोहाचाच स्टुडिओ जास्त दिसतो. जुनी रीत छान होती असं मला वाटतं, पण चार-चार स्टुडिओ पोसणं म्हणजे काय असतं ते हिशेब बघणाऱ्यांनाच ठाऊक.

दिवसभरात एक वाक्य इतक्या वेळा आलं की शेवटी त्यासाठी मी एक स्वतंत्र खूणच ठरवून टाकली. इस्रायलशी संबंधित बातमी देणारी वार्ताहर जॉर्डनच्या अम्मान शहरात उभी असते आणि सांगते, की मी अम्मानहून बोलते आहे, कारण इस्रायलमध्ये अल जझीरावर बंदी आहे. 5 मे 2024 ला इस्रायलने वाहिनीचं काम बंद केलं, सप्टेंबरमध्ये त्याच्या सैनिकांनी वेस्ट बँकमधल्या रामल्लातल्या कार्यालयालाही टाळं लावलं, आणि 2025 उजाडलं ते पॅलेस्टिनी प्राधिकरणानेही काही महिन्यांसाठी बंदी घालूनच. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना एकच माणूस नको होतो तेव्हा चौकशी अधिकारी कान टवकारतात, माझेही टवकारले. पण मला आवडलं ते वाक्याचं येणं. साक्षीच्या प्रत्येक पानावर वर एक ठरावीक ओळ लिहावी लागायची: ठिकाण, वेळ, हजर कोण, गैरहजर कोण. वाचणारा ती ओळ वगळूनच वाचतो. तरी ती लिहायची, कारण उद्या कुणी विचारलं तर पुढचा मजकूर कुठे बसून लिहिला हे कळलं पाहिजे. अम्मानचं वाक्य त्याच जातीचं आहे. आपण घटनास्थळी नाही, हे कबूल करून मग बोलायचं. असं कबूल करणारे बातमीदार मी फारसे ऐकलेले नाहीत.

दुपारी ऐन मुलाखतीत चित्र गोठलं. दोष वाहिनीचा नव्हता, घरातल्या इंटरनेटचा होता. ज्यांच्याकडून घेतलंय त्यांना फोन केला तर यंत्राने वीस मिनिटं संगीत ऐकवलं. ते शॉर्टहँडमध्ये उतरवता येत नाही.

पुन्हा चालू झालं तोवर ‘इनसाइड स्टोरी’ आली होती. अर्धा तास, विषय एक, सूत्रसंचालक एक, पाहुणे तीन, तिघे तीन वेगवेगळ्या शहरांत. बस्स. पडद्याच्या आठ चौकटी नाहीत, खाली पेटलेले अंगार नाहीत. सूत्रसंचालक प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. मी घड्याळ लावूनच बसले होते. पाहुण्याला सलग मिनिटभर, कधी त्याहून जास्त बोलू देतात. एक मिनिट म्हणजे माझ्या वहीचं जवळपास पानभर. तेवढ्या अवधीत माणूस आपला मुद्दा मांडतो, त्याला अपवाद सांगतो आणि कधी कधी स्वतःच्याच वाक्यात अडकतो. त्या अडकण्यातच खरं काय ते कळतं, हा माझा चौकशांतला अनुभव. साक्षीदाराला तोडलंत की तो सुटला. त्याला बोलू द्या, मग बघा. या कार्यक्रमात आवाज चढत नाही म्हणून कुणाला तो सपक वाटेल. पाहुण्यांमध्ये निवृत्त राजदूत आणि अभ्यास-संस्थांमधली मंडळी फार, हे मात्र खरं; ज्याच्या घरावरून रणगाडा गेला तो क्वचित. त्या माणसाला बातमीत वीस सेकंद मिळतात आणि त्याच्याबद्दल बोलणाऱ्याला पूर्ण मिनिट.

ती कसर माहितीपट भरून काढतात, आणि माझ्या मते ही वाहिनी बघायची ती त्यांच्यासाठीच. बातमीपत्रांच्या मधल्या अर्ध्या-अर्ध्या तासांत ते पेरलेले असतात. ‘101 ईस्ट’ आशिया-पॅसिफिकमधले विषय घेतो, ‘फॉल्ट लाइन्स’चा रोख मुख्यतः अमेरिकेवर. या दोन्हींत वार्ताहर स्वतः पडद्यावर असतो, दारं ठोठावतो, कागद दाखवतो, समोरच्याला अडवतो. ‘पीपल अँड पॉवर’ सत्तेत बसलेल्यांच्या मागे लागतो. सगळे कसलेले, पण धाटणी ओळखीची.

‘विटनेस’चं तसं नाही. नाव साक्षीदार, म्हणून मी आधीच सरसावून बसले होते. यात कॅमेरा एखाद्या माणसाच्या मागे मागे राहतो आणि बरेचदा निवेदकाचा आवाजच नसतो. माणूस बोलेल ते बोलेल. बाकी वेळ तो दार लावतो, पाणी भरतो, कुणाची तरी वाट बघतो. माझी पेन्सिल हवेतच राहिली. सुरुवातीला मी अस्वस्थ झाले, कारण कोरा कागद ही आमच्या धंद्यातली सगळ्यांत मोठी नामुष्की. मग आठवलं, की साक्षीत साहेब कधी कधी कंसात लिहायला लावायचे: ‘साक्षीदार काही वेळ गप्प’. किती वेळ, ते कधी लिहिलं नाही. ‘विटनेस’ ती वेळ दाखवतो. अर्ध्या तासाची माझी टिपणं दीड पानात मावली आणि दिवसभरातलं सगळ्यांत जास्त लक्षात राहिलं ते तेच.

‘द लिसनिंग पोस्ट’ हा वेगळाच प्राणी. जगातली माध्यमं एखादी बातमी कशी देतात, काय वगळतात, कुणाचे शब्द उसने घेतात, याची तपासणी. रिचर्ड गिझबर्ट वाहिनीच्या सुरुवातीपासून तो सादर करतोय. त्याची संहिता इतकी घट्ट की एक शब्द निसटला तर पुढचा टोमणा कळत नाही. ‘ठार मारले’ आणि ‘मृत्यू पावले’ यांतला फरक तो सारखा दाखवत राहतो. स्टेनोला हे सांगायला नको. पिटमनमध्ये ‘प’ आणि ‘ब’ची रेघ एकच असते, दिशा तीच, लांबी तीच. हलक्या हाताने ओढली की ‘प’, दाबून ओढली की ‘ब’. ‘ट’ आणि ‘ड’, ‘क’ आणि ‘ग’, सगळ्यांचं तसंच. घाईत दाब चुकला की अर्थाचा अनर्थ.

या वाहिनीबद्दल माझी तक्रार म्हणा, निरीक्षण म्हणा, ते या दाबाचंच आहे. खोटं कुठे सापडलं असं नाही. पण कुठली रेघ दाबून काढायची आणि कुठली हलकी, यात मालकाचा हात जाणवतो. ही वाहिनी कतारच्या पैशावर उभी राहिली. अरबी वाहिनीला सुरुवातीला तिथल्या अमिरांनी 50 कोटी रियाल दिले होते. कतारच्या घरच्या कारभाराची उलटतपासणी ती इतरांइतक्या कडकपणे करत नाही, हा आक्षेप जुना आहे आणि मला तो रास्त वाटतो. दोहा हे नाव बातम्यांत येतं ते बहुतेक वाटाघाटींचं गाव म्हणून. ते खोटंही नाही: अमेरिका आणि तालिबानचा करार 29 फेब्रुवारी 2020 ला तिथेच झाला. पण यजमान म्हणून आलेल्या माणसाला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवणं ही वेगळी गोष्ट. हवामानाचं सदरसुद्धा मी कतार एअरवेजच्या सौजन्यानेच बघितलंय, म्हणजे ढगांवरही घरचीच पाटी. उलट बाजूही लिहायला हवी. जून 2017 मध्ये सौदी अरेबिया आणि इतर तीन देशांनी कतारची नाकेबंदी केली, तेव्हा त्यांच्या 13 मागण्यांपैकी एक मागणी ही वाहिनी बंद करा अशी होती. जी वाहिनी नुसती मालकाची पिपाणी असते तिच्यासाठी शेजारी एवढा खटाटोप करत नाहीत.

गाझाच्या बातम्यांत रेघ सगळ्यांत जाड. तिथे मी वही मिटली, कारण दाब का वाढतो हे समजून घ्यायला स्टेनो असावं लागत नाही. अल जझीराची वार्ताहर शिरीन अबू अक्लेह 11 मे 2022 ला वेस्ट बँकमधल्या जेनीनमध्ये बातमी देताना गोळी लागून गेली. अल जझीराच्या गाझा कार्यालयाचे तेव्हाचे प्रमुख वाईल दहदूह यांची बायको, मुलगा, मुलगी आणि नातू ऑक्टोबर 2023 मध्ये हल्ल्यात मारले गेले आणि ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. साक्ष देणाराच फिर्यादीही असेल तर ती साक्ष कशी तोलायची, याचं उत्तर चौकशीच्या नियमावलीत होतं. इथे मला ते लावता आलं नाही.

किरकोळ बाबी. पडद्याखालची धावती पट्टी माझ्या चष्म्याला फार वेगाने धावते. खेळाच्या बातम्या असतात, मी त्या वेळी चादर नीट केली. दोन कार्यक्रमांच्या मध्ये पुढच्या कार्यक्रमांच्या झलका इतक्या वेळा येतात की संध्याकाळपर्यंत त्या पाठ होतात. बातम्याही फिरून फिरून त्याच येतात. सकाळचं वाक्य दुपारी शब्दशः ऐकलं की मी नुसती बरोबरची खूण करायचे. म्हणून दिवसभर बघू नका, माझ्यासारखा पाय उशीवर असल्याशिवाय. एक ‘न्यूजअवर’, एक ‘इनसाइड स्टोरी’ आणि मिळेल तो ‘विटनेस’ पुरे. माहितीपट यूट्यूबवर सुटेही मिळतात.

एक राहिलं. परक्या भाषेत बोलणाऱ्याचा मूळ आवाज सुरुवातीला दोन-तीन सेकंद ऐकू येतो, मग त्याच्यावर इंग्रजी आवाज चढतो आणि मूळचा खाली दबतो. ते दोन-तीन सेकंद मी आवाजांवरून जसेच्या तसे उतरवत गेले. अर्थ एकाचाही कळत नव्हता, पण पिटमनला अर्थ लागतच नाही. रात्री भाचीला ते पान वाचून दाखवलं. अरबी बोलणाऱ्यांच्या ओळींत एक आकार सारखा येत होता, कधी वाक्याच्या तोंडी, कधी मधे. मी तो मोठ्याने वाचला: ‘यानी’. हिंदीत गेलेला तोच शब्द. भाचीने फोनवर शोधून सांगितलं, की अरबीत लोक बोलताना अडले की हेच म्हणतात, आपल्या ‘म्हणजे’सारखं. इंग्रजी अनुवादात तो एकदाही आलेला नव्हता. अनुवाद करणाऱ्याला दोष देत नाही. साहेबांचं ‘म्हणजे’ मीही कधी टाइप केलं नाही.