पैशांवरचे विनोद पोर्तुगीजमध्ये : पणजीतल्या एका अनुवादसेवेबद्दल

फोंड्याच्या आमच्या हौशी नाट्यमंडळाने एक एकांकिका चित्रित केली आणि तिला पोर्तुगीज सबटायटल्स हवी होती. लिस्बनमध्ये वाढलेल्या गोवेकर मुलांना मराठी कळत नाही, कोकणीही जेमतेम. एकांकिका एका कवडीचुंबक मामाची, त्यामुळे दर दुसरं वाक्य पैशावरचं. आधी एका अ‍ॅपला विचारलं, तर त्याने 'कवडीचुंबक'चा थेट 'शिंपल्यांना मुके देणारा' करून टाकला. मग पणजीच्या फोंतेन्यास भागातल्या, पोर्तुगीज शिकवणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेलो. त्या घरूनच भाषांतराचं काम करतात, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांचं काम मला मनापासून आवडलं.

बाई नुसती संहिता घेत नाहीत, तालमीचा व्हिडिओ मागतात. का, ते पहिल्याच पानावर कळलं. मामा 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणतो. त्याला पोर्तुगीजमध्ये तयार म्हण आहे : दाण्या-दाण्याने कोंबडीचा पोटोबा भरतो. पण त्या क्षणी मामा गळका नळ घट्ट करत असतो. प्रेक्षकाला नळ दिसणार आणि खाली कोंबडी वाचायची! बाईंनी तिथे थेंबाचं साधं वाक्य ठेवलं आणि कोंबडी पुढे नेली, मामा चिल्लर मोजतो त्या प्रसंगात. ती तिथे अशी चपखल बसली की मूळ संहितेतच का नव्हती असं वाटावं.

सगळ्यात अवघड होतं 'खिशात नाही आणा, मला बाजीराव म्हणा'. लिस्बनच्या पोराला बाजीराव कोण सांगणार? तळटीप देता येत नाही. पडद्यावर दोन ओळी, एकेका ओळीत साधारण ४० अक्षरं, तीही दोन-चार सेकंदांपुरती. पोकळ मिजाशीवर पोर्तुगीजमध्ये एक प्रसिद्ध म्हण आहे : घमेंड आणि तीर्थजल ज्याने त्याने हवं तेवढं घ्यावं. बाईंनी ती बाजूला ठेवली, कारण तिच्यात पैसा नाही. त्यांनी 'तुश्तांव'ला 'बरांव' जुळवलं : खिशात तुश्तांव नाही आणि म्हणे मला बरांव म्हणा. तुश्तांव हे पोर्तुगालच्या जुन्या चलनातलं १०० रेईसचं नाणं. आपला आणा १९५७ च्या दशमान पद्धतीनंतर व्यवहारातून गेला पण म्हणींत राहिला, तसा तुश्तांव युरो आल्यावरही तोंडी आहे. आपल्या 'फुटक्या कवडी'सारखा तिथे 'भोक पडलेला तुश्तांव' असतो. बरांव म्हणजे बॅरन. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालमध्ये किताबांची इतकी खैरात झाली की लोक म्हणू लागले, 'पळ रे कुत्र्या, नाहीतर तुला बॅरन करतील!' म्हणजे यमक राहिलं, नाणं राहिलं आणि फुकटच्या मोठेपणाची थट्टाही राहिली.

एका जागी बाईंनी सबटायटल दिलंच नाही. नोकर मामापुढे 'पगार! पगार!' ओरडतो. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजमधूनच आलाय आणि तिकडे 'पगार' म्हणजे पैसे देणे. पणजीत पोर्तुगीज जाणणाऱ्या मंडळींना आम्ही चित्रफीत दाखवली तेव्हा सगळ्यात मोठा हशा तिथेच पिकला.

बाकी बारीकसारीक पुष्कळ आहे. 'मातीमोल'ला त्यांनी 'पावसाच्या भावाने' केलं, कंजुषाला 'फुर्रेता'. त्याच कंजुषाला ब्राझीलमध्ये 'कडक पाव' म्हणतात. बाई फक्त पोर्तुगालच्या बोलीत काम करतात; ब्राझीलसाठी दुसरं कोणी शोधा, असं पहिल्याच भेटीत सांगतात.

'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' मात्र निसटलं. अर्थ आला, ठेका आला नाही, आणि ते वाक्य मामाच्या तोंडी तीनदा आहे. मला ते अजून सलतं. बाईंनी स्वतःहून त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून दिलं होतं, त्यामुळे तिथे नटाचा अभिनय थोडा वाढवून घेता आला.

काम सावकाश होतं, महोत्सवाची तारीख डोक्यावर असेल तर जाऊ नका. दुपारी एक ते चार फोन उचलला जात नाही. आकार शब्दावर नाही, पानावर घेतात. म्हणींनी भरलेल्या संहितेला तो मला अगदी रास्त वाटला. जाताना व्हिडिओ न्या आणि कोणता नट कुठे थांबतो त्याची नोंदही. ती नोंद बाई मागणारच.