स्पॅम फिल्टर रेंगाळतोय: आहे तोच सुधारायचा, मेल दारातच अडवायचे, की आरस्पॅमडीवर जायचं?

मेल उशिरा पोचायला लागले की पहिला सल्ला ठरलेला असतो: "स्पॅमॲसॅसिन जुनं झालं, आरस्पॅमडी लाव." दोन्ही स्पॅम ओळखणारे फिल्टर. सल्ला चुकीचा नाही, पण बऱ्याचदा घाईचा असतो. वेळ नेमका कुठे जातोय हे न बघता फिल्टर बदलला, तर तोच उशीर नव्या फिल्टरमध्येही दिसतो.

मेल सर्व्हर पोस्टफिक्स असेल तर लॉगमधली 'डिलेज' ही नोंद आधी बघा. तिथे तिरप्या रेघांनी तोडलेले चार आकडे असतात, समजा ०.४/०.०२/०.०१/१६. पहिला म्हणजे मेल क्यू मॅनेजरकडे (रांग सांभाळणाऱ्या भागाकडे) येईपर्यंतचा वेळ, दुसरा क्यू मॅनेजरकडे गेलेला, तिसरा पुढची जोडणी करण्यातला आणि चौथा मेल प्रत्यक्ष सोपवण्यातला. मेल रांगेत घेऊन मग ॲमाविससारख्या फिल्टरकडे पाठवत असाल, तर फिल्टरचा उशीर चौथ्या आकड्यात सापडतो. फिल्टर मिल्टर म्हणून, म्हणजे मेल स्वीकारतानाच तपासणारा म्हणून, लावला असेल तर तो पहिल्यात सापडतो, कारण तेव्हा पाठवणारा सर्व्हर ताटकळत उभा असतो. दुसरा आकडा फुगला असेल तर फिल्टरकडे जाण्यासाठीच गर्दी झाली आहे.

मग त्याच वेळी सीपीयू बघा. सीपीयू निवांत आणि मेलला १५-१६ सेकंद, असं दिसलं तर फिल्टर काम करत नाहीये, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय. हे 'कुणीतरी' बहुतेक वेळा डीएनएस, म्हणजे नावांवरून पत्ते शोधून देणारी यंत्रणा असते. स्पॅमॲसॅसिन ब्लॅकलिस्टच्या (डीएनएसमधूनच विचारायच्या, स्पॅमवाल्या पत्त्यांच्या यादीच्या) उत्तरासाठी डिफॉल्टप्रमाणे जास्तीत जास्त १५ सेकंद थांबतं, म्हणून उशीर या आकड्याभोवती घुटमळत असेल तर आणखी शोधाशोध करायची फारशी गरज नाही.

आहे ते सुधारण्याचा पर्याय इथेच सगळ्यात जास्त वसूल होतो. मेल सर्व्हरवरच अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून आणणारा प्रोग्राम) बसवा आणि तो प्रश्न दुसऱ्या कुणाकडे फॉरवर्ड करत नाही याची खात्री करा. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारलं, तर ब्लॅकलिस्ट चालवणारं स्पॅमहाऊस खरं उत्तर देतच नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा 'असं विचारू नका' सांगणारा कोड परत येतो. म्हणजे उशीरही सोसायचा आणि फायदाही शून्य. सोबत बंद पडलेल्या याद्या काढून टाका. सॉर्ब्स जून २०२४ मध्ये बंद झाली, तरी कुणीतरी कधीकाळी हाताने लिहिलेल्या कॉन्फिगमध्ये ती अजूनही सापडते.

उशीर सगळ्याच मेलना नसून मधूनच एखादा मेल मिनिटभर अडकत असेल, तर बेझचा, म्हणजे शिकवलेल्या मेलवरून स्पॅम ओळखणाऱ्या भागाचा, डेटाबेस बघा. टोकनांची (शिकलेल्या शब्दांची) संख्या दीड लाखाच्या डिफॉल्ट मर्यादेपलीकडे गेली की जुनी टोकनं झाडायचं काम तपासणी चालू असतानाच निघू शकतं आणि तो एक मेल त्यात भरडला जातो. आपोआप होणारी झाडणी बंद करून ती रात्रीच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) टाकली की हा त्रास जातो. फाईलच्या लॉकसाठी प्रोसेस एकमेकांना अडवत असतील तर बेझ रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसवर हलवा. ही सोय स्पॅमॲसॅसिन ३.४.० पासून आहे.

एक साधी गोष्ट आश्चर्य वाटावं इतक्या ठिकाणी राहून गेलेली दिसते: प्रत्येक मेलसाठी 'स्पॅमॲसॅसिन' ही कमांड नव्याने चालवली जाते. म्हणजे दर वेळी पर्ल (स्पॅमॲसॅसिनची भाषा) सुरू होणार, सगळे नियम वाचले जाणार, मग तपासणी. कायम चालू राहणारा स्पॅमडी आणि त्याला मेल देणारा स्पॅमसी ही जोडी याचसाठी आहे. क्लॅमएव्ही या व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रामचंही तसंच. क्लॅमस्कॅन दर वेळी सगळ्या सिग्नेचर मेमरीत भरतो, क्लॅमडी त्या भरून बसलेला असतो.

प्रोसेस वाढवणं मात्र जपून. स्पॅमडीची मुलं (उपप्रोसेस) डिफॉल्टने जास्तीत जास्त पाच, ॲमाविसच्या प्रोसेस दोन. वाट बघण्यात वेळ जात असेल तर हे आकडे वाढवून रांग नक्की कमी होते. पण रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी डिस्कचा वापर) सुरू झालं की आधी बरं होतं असं म्हणायची पाळी येते. ॲमाविसचा आकडा बदलला तर पोस्टफिक्सच्या मास्टर फाईलमधला आकडाही जुळवा.

दुसरा पर्याय मेल दारातच अडवणाऱ्या पोस्टस्क्रीनचा. तो पोस्टफिक्समध्ये २.८ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. फिल्टर यामुळे वेगवान होत नाही. त्याच्यापर्यंत पोचणारा कचरा कमी होतो. सीपीयू खरोखर तापलेला असेल आणि लॉगमध्ये अनोळखी आयपींची झुंबड असेल, तर मी आधी हेच करेन. नव्या पाहुण्याला तो सहा सेकंद थांबवतो आणि तेवढ्यात घाईघाईने बोलून टाकणारे बॉट पकडतो. एकदा पास झालेला आयपी काही काळ लक्षात राहतो, त्यामुळे नेहमीच्यांना हा थांबा लागत नाही. पण तुमचे मेल आधीच कुठल्या तरी गेटवेमधून येत असतील तर याचा उपयोग नाही, कारण सगळ्या जोडण्या त्याच एका ठिकाणाहून येतात.

ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी मेल आधी परत पाठवून पुन्हा यायला लावणं, मी यात धरत नाही. ते करणारा पोस्टग्रे डिफॉल्टने पाच मिनिटं परत पाठवतो, आणि मोठ्या मेल सेवा पुन्हा येतात तेव्हा कधी कधी वेगळ्याच आयपीवरून येतात. ओटीपीचा मेल मुदत संपल्यावर पोचला तर स्पॅम कमी झाल्याचं कौतुक कुणी करणार नाही.

आता आरस्पॅमडी. ते सीमध्ये लिहिलेलं आहे, आणि एका मेलसाठी डीएनएसचं उत्तर येईपर्यंत तीच प्रोसेस दुसरे मेल हातात घेते. स्पॅमडीत एक मूल एका वेळी एकच मेल धरून बसतं. मेल भरपूर असतील तर खरा फरक इथे पडतो. रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी (मजकुरातले नमुने शोधायला) हायपरस्कॅन ही वेगवान लायब्ररी वापरता येते, हा वरचा फायदा. अगदी नवा सर्व्हर उभारत असाल तर मी सरळ हेच निवडेन.

चालू सर्व्हरवर हलवायचं तर किंमत मोजावी लागते. बेझचं शिक्षण नव्याने द्यावं लागतं; डिफॉल्टने स्पॅम आणि चांगले असे प्रत्येकी २०० मेल शिकवल्याशिवाय ते बोलत नाही. गुणांचं मापही वेगळं आहे: स्पॅमॲसॅसिनमध्ये ५ गुणांवर मेल स्पॅम ठरतो, आरस्पॅमडीत ६ वर स्पॅमची खूण करणारा हेडर लागतो आणि १५ वर मेल नाकारला जातो. जुने आकडे तसेच उचलून ठेवले तर चांगले मेल उडतील. हाताने लिहिलेले साधे नियम त्याच्या स्पॅमॲसॅसिन मॉड्यूलमधून वाचता येतात, पण पर्लच्या प्लगइनवर उभे असलेले नियम लुआ या भाषेत पुन्हा लिहावे लागतील. असे नियम तुमच्याकडे ढीगभर असतील आणि मेल मोजकेच येत असतील, तर हलवण्यात अर्थ नाही. आणि स्वतःचा रिझॉल्व्हर आरस्पॅमडीलाही लागतोच.

हलवायचं ठरलंच तर सुरुवातीला नाकारणं बंद ठेवून फक्त हेडर लावू द्या आणि गुण बघत राहा. पोस्टफिक्समध्ये मिल्टर उत्तर देत नसेल तर काय करायचं, तेही आधी ठरवा. डिफॉल्ट 'टेम्पफेल' (तात्पुरता नकार) ठेवलं तर आरस्पॅमडी पडल्यावर पाठवणारा थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. 'ॲक्सेप्ट' केलं तर तेवढा वेळ सगळं न तपासता आत येतं. रात्री कुणी लक्ष ठेवणारं नसेल तरी मी 'टेम्पफेल'च ठेवेन.