कातड्यावरची बुरशी: व्हिनेगर की अल्कोहोल?

पावसाळ्यात ओलवलेलं कातडं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं की बुरशी धरतेच. आधी ती घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडून टाका.

बाभूळ-हिरड्यात कमावलेल्या, न रंगवलेल्या कोल्हापुरी कातड्याला मी ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोलच लावते. ते झटकन उडतं, फारशी ओल मागे ठेवत नाही. कातडं मात्र कोरडं पडतं, म्हणून सावलीत वाळवून तेलाचा हलका हात द्यायलाच हवा.

रंगवलेल्या कातड्यावर अल्कोहोल नको, रंग बोळ्यावर उतरतो. तिथे निम्मं पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर बरं. वास वाळल्यावर जातो. फक्त लोखंडी खिळे, बकल जवळ असतील तर जपा: लोखंड, आम्ल आणि टॅनिन (बाभूळ-हिरड्यातून कातड्यात उतरणारं तुरट द्रव्य) एकत्र आले की काळा डाग पडतो, आणि तो सहसा निघत नाही.